सिलेंडरचा भाव ठरतो तरी कुठं?

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला आपण साठवणीच्या मसाल्यांविषयी बोललो. पत्रं भरपूर आली. पण सोलापूरच्या एका भगिनीनं मसाला बाजूलाच ठेवून भलताच प्रश्न विचारलाय. त्या लिहितात, "जगात तेल महाग झालं की आमचा सिलेंडर चढतो, हे समजतं. मग तेल उतरल्याची बातमी येते तेव्हा तो का उतरत नाही?"

हा प्रश्न घरात विचारला की "ते तुला नाही समजायचं" असं उत्तर येतं, हा माझा अनुभव. तुमचाही असेल! खरं सांगू का, यात न समजण्यासारखं काही नाही. भिशी, दूधवाल्याचं खातं आणि मुलांच्या फिया जी बाई एकाच पगारात बसवते, तिला हे सहज समजेल.

आपल्या देशात लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. स्वयंपाकाच्या गॅसपैकी साधारण ६० टक्के. मुंबई हायच्या समुद्रातून निघालेला गॅस उरणला येतो, तिथं सिलेंडरमधला गॅस तयार होतो, पण तेवढ्यानं सगळ्यांचं भागत नाही. मग उरलेला आखाती देशांतून आणायचा. नकाशात इराण आणि ओमानच्या मधे होर्मुझची चिंचोळी सामुद्रधुनी दिसेल. (मुलांचा ॲटलास घेऊन बघाच, मी नववीच्या वर्गात हे बोट ठेवूनच दाखवते.) आखातातून येणारा गॅस बहुतेक त्या बोळातूनच येत आला आहे. भावाचं म्हणाल तर सौदी अरेबियाची तेल कंपनी दर महिन्याला आपला दर जाहीर करते आणि तोच आपल्याकडच्या हिशेबाचा पाया धरला जातो. तो दर डॉलरमध्ये. म्हणजे तिकडचा दर जागच्या जागी राहिला आणि आपला रुपया घसरला, तरी गॅस महागच पडणार. २०२२ साली एका डॉलरला ८० रुपयांहून जास्त मोजावे लागले, ते आठवत असेल.

ही झाली खरेदी. पण दारात येणारा भाव खरेदीवर ठरत नाही, तो ठरतो सरकारनं त्यातलं किती आपल्याला दाखवायचं ठरवलंय त्यावर.

आपल्या आयांना १९७३ साल विसरता आलं नव्हतं. अरब-इस्रायल युद्धानंतर तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेलाचं पिंप जानेवारी १९७४ पर्यंत अकरा-बारा डॉलरवर गेलं. रॉकेलसाठी डबे घेऊन रांगा लागल्या. महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागं मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या याच वर्षांत. पुढं तेल कंपन्या सरकारच्या ताब्यात आल्या, १९७६ पासून मुंबई हायचं तेल मिळू लागलं, आणि भाव ठरवण्याची एक पद्धत बसली. एकत्र कुटुंबासारखी. मिळवत्या थोरल्याच्या पगारातून धाकटीची फी भरावी, तसं पेट्रोलवाल्याकडून चार पैसे जास्त घ्यायचे आणि रॉकेल-गॅस स्वस्त द्यायचा. त्यासाठी एक सामाईक खातंच होतं. या खात्यात पैसे असेपर्यंत सगळं सुरळीत. ते आटलं की ओरड.

१ एप्रिल २००२ रोजी ही पद्धत कागदावर संपली. कागदावर म्हणते, कारण पुढंही गॅस आणि रॉकेल स्वस्तच द्यायचं होतं, आणि पैसे तर नव्हते. मग २००५ ते २०१० च्या दरम्यान सरकारनं तेल कंपन्यांना रोख्यांच्या रूपानं चिठ्ठ्या लिहून दिल्या, की तुमचे पैसे नंतर देऊ. वाण्याच्या वहीत उधारी मांडावी तसं! एक लाख कोटींहून मोठी ती उधारी, आणि तिचं व्याज २०२० नंतरही सरकारी तिजोरीतून जात होतं. थोडक्यात, आपण तेव्हा शिजवलेल्या वरणभाताचं व्याज आपली मुलं भरत होती.

आता माझ्या मते महत्त्वाची गोष्ट. पूर्वी भाव वाढायचा तेव्हा गाजावाजा होऊन वाढायचा. संसदेत आरडाओरड, वर्तमानपत्रात मोठे मथळे. २०१६ पासून वेगळी रीत आली. रेशनच्या निळ्या रॉकेलला दर खेपेला २५ पैसे. अनुदानाच्या सिलेंडरला जुलै २०१६ पासून महिन्याला साधारण दोन रुपये, पुढच्या वर्षी चार. दोन रुपयांसाठी कोण भांडतं? भाजीवालीकडंही आपण दोन रुपये सोडून देतो. सोडून देता देता अनुदान विरत गेलं. मे २०२० मध्ये जगात भाव कोसळले होते, तेव्हा बाजारभाव आणि अनुदानाचा भाव एकच झाला आणि बहुतेकींच्या खात्यात पैसे येणं थांबलं. त्याच वर्षी डिसेंबरपासून सिलेंडर भराभर चढला. मुंबई-दिल्लीत ५९४ रुपयांच्या आसपास होता तो मार्च २०२१ मध्ये ८१९ वर गेला. भाव चढला, पण बंद झालेलं अनुदान काही परत आलं नाही.

ते कुणाच्या खात्यात येत होतं, हेही आठवून बघा. जानेवारी २०१५ पासून देशभर रीत अशी की दारात पूर्ण पैसे मोजायचे, अनुदान बँकेत. पैसे मोजायचे आपण, घरखर्चातून. जोडणी मात्र बहुतेक घरांत "यांच्या" नावावर, म्हणून अनुदान त्यांच्या खात्यात! आमच्या चाळीतल्या बारा घरांत मी सहज विचारलं, तर नऊ घरांत असंच होतं. त्यामुळं अनुदान बंद झालं तेव्हा ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलंच नाही.

सोलापूरच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर २०२० च्या पेट्रोल-डिझेलमध्ये आणखी स्पष्ट दिसतं. एप्रिलमध्ये कच्चं तेल पिंपाला वीस डॉलरपर्यंत खाली आलं होतं. मार्च आणि मे मिळून केंद्रानं पेट्रोलवरचा कर लिटरमागं १३ रुपयांनी वाढवला आणि डिझेलवरचा १६ रुपयांनी. भाव उतरला तो वरच्या वर झेलला गेला, आपल्यापर्यंत आलाच नाही. पुढं तेल चढलं, मग नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये तो कर खाली आणला. आणि मैत्रिणींनो, आपण स्कूटर चालवत नसलो तरी डिझेल आपल्याच पिशवीत असतं. नाशिकचा कांदा काही चालत येत नाही.

एकच बाजू सांगितली असं व्हायला नको. २०२२ मध्ये जगात गॅस फार महागला, तेव्हा सगळा भार आपल्यावर टाकला नाही हेही खरं. कंपन्यांनी तोटा सोसला आणि तो भरायला सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये २२ हजार कोटी, ऑगस्ट २०२५ मध्ये ३० हजार कोटी मंजूर केले. मग २०२३ च्या रक्षाबंधनाला सिलेंडर २०० रुपयांनी उतरला, २०२४ च्या महिलादिनी १०० रुपयांनी. ओवाळणी म्हणून छानच. फक्त ओवाळणी भावानं आपल्या खिशातली घालायची असते. ही तर आपल्याच करातून आली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये परतही गेले.

मला महाग गॅसचा राग नाही. बाहेरून विकत आणायची वस्तू, ती केव्हातरी महाग होणारच. पण नियम काय तो आधी सांगा. किती चढला तर किती आमच्यावर, उतरला तर किती आमचा. सणावारी मिळालेल्या सवलतीवर वर्षाचा हिशेब कसा मांडायचा?

तोवर आपण आपल्या परीनं दोन गोष्टी करू शकतो. सिलेंडर लागला की तारीख आणि भाव कॅलेंडरच्या मागं टिपून ठेवा. वर्षाचे किती लागतात ते कळलं की त्या रकमेचे बारा भाग करून दरमहा बाजूला काढा, म्हणजे एखाद्या महिन्यात ५० रुपये वाढले तरी दूध कमी करावं लागत नाही. आणि पावतीवरच्या भावात घरपोच आणण्याचा खर्च धरलेला असतो, तेव्हा वर मागितले तर पावती पुढं करा.

तुमच्याकडं भांडी-धुणं करणाऱ्या बाईंनाही जरा विचारा. आमच्या मावशींकडं उज्ज्वलाची जोडणी आहे, त्यांच्याच नावावर. पण शेगडीवर टॉवेल घातलेला आणि स्वयंपाक मागच्या चुलीवर. ३०० रुपये अनुदान मिळतं हे त्यांना ठाऊक होतं. (२०२५-२६ साठी ते वर्षाला नऊ सिलेंडरपर्यंत दिलं गेलं.) पण ते मागाहून खात्यात. आधी पूर्ण पैसे एकदम हातात हवेत, आणि ज्यांचा पगार चार घरांतून चार तारखांना येतो त्यांनी ते कुठून आणायचे? गॅस संपला की मधले दोन-दोन महिने चूल, धूर आणि खोकला. अशा घरांसाठी पाच किलोची लहान टाकी असते. मोठी परत करून ती घेता येते, अनुदानही त्या प्रमाणात मिळतं. एजन्सीत आपण होऊन हे सहसा कुणी सांगत नाही. मावशींबरोबर मी जाऊन विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मुलानं आधी मान हलवली, मग आतून फॉर्म आणला. पुस्तक, आधार कार्ड आणि जुनी टाकी घेऊन जायचं, एवढंच त्यानं सांगितलं.