आधी खोली, मग कॉलेज : परभणीच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
परभणी.

विषय : पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलामुलींच्या राहण्याची सोय.

महोदय,

मी या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. बारावीचा निकाल लागला की पालकांची रीघ सुरू होते. पहिला प्रश्न ठरलेला, "सर, लेकराला कुठं टाकावं?" त्याचं उत्तर सोपं असतं. गुण बघायचे, सीईटीचा पर्सेंटाइल बघायचा आणि चार कॉलेजांची नावं सांगायची. चहा संपत आला की दुसरा प्रश्न येतो, "पण राहायचं कसं?" प्रवेश खरा त्या प्रश्नावर ठरतो. सीईटी सेलच्या अर्जात पसंतीक्रम भरायचा असतो. माझ्यासमोर बसून भरलेले कितीतरी अर्ज मी पाहिलेत. नांदेडला मावशी आहे, म्हणून नांदेड पहिलं. संभाजीनगरला कोणी नाही, म्हणून संभाजीनगर पाचवं. पसंती अभ्यासक्रमाची नसते, मावशीची असते.

आपल्याला हे लिहिण्याचं कारण परभणी शहर. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण मोठ्या हौशीनं म्हणतो. शिक्षणापुरतं बोलायचं तर जिल्ह्याच्या या गावात खरंच पुष्कळ आहे. कृषी महाविद्यालय १९५६ पासून आहे. कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये झालं आणि २०१३ पासून ते वसंतराव नाईकांच्या नावानं ओळखलं जातं. त्याच परिसरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. श्री शिवाजी, ज्ञानोपासक, शारदा ही जुनी कॉलेजं आहेत आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण या सगळ्यांचे धनी वेगवेगळे. कृषी विद्यापीठ स्वायत्त, पशुवैद्यकीय नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे (माफसू), कला-विज्ञान-वाणिज्य नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे, वैद्यकीय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. मागासवर्गीयांची शासकीय वसतिगृहं समाजकल्याणकडे, ओबीसींची इतर मागास बहुजन कल्याणकडे, खोल्यांची घरपट्टी महापालिकेकडे आणि भाडेकरूंची नोंद पोलिसांकडे. ही सगळी मंडळी एका टेबलाभोवती बसतात ती फक्त आपल्या बैठकीच्या सभागृहात. म्हणून हे पत्र कुलगुरूंना किंवा मंत्र्यांना न लिहिता आपल्याला.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. निर्णय चांगलाच आहे, मी वर्गात पेढे वाटले होते. पण फी माफ झाली म्हणून खोली माफ झाली नाही आणि खानावळही नाही. गावाकडच्या घराला फीपेक्षा महिन्याच्या महिन्याला लागणारा हा पैसाच जड जातो. फीसाठी एकदा सोयाबीन विकता येतं. दर महिन्याला काय विकायचं?

सरकारनं याचा विचार केलेलाच नाही असं मी म्हणणार नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना मंजूर झाली. ती जिल्ह्यामागे ६०० विद्यार्थ्यांसाठी आहे. आपले तालुके नऊ. म्हणजे एका तालुक्याच्या वाट्याला सहासष्ट-सदुसष्ट मुलं आली.

आता स्वाधारचं गणित मांडून बघू. परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये. त्यात भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,०००. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचं धरलं तर खोलीला महिना बाराशे. बाराशे रुपयांत वसमत रोडला किंवा जिंतूर रोडला काय मिळतं, हे आपल्या कार्यालयातल्या कुठल्याही कारकुनाला विचारावं. त्यांच्यातही पुष्कळ जण याच शहरात खोली करून शिकलेले आहेत.

रक्कम अपुरी आहे, पण ती वाढवणं आपल्या हातात नाही, म्हणून त्यावर अडून बसत नाही. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. स्वाधारसाठी नियम असा की शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर हा पैसा. म्हणजे आधी वसतिगृहाची यादी लागायची, मग नंबर न लागलेल्यांनी स्वाधारकडे वळायचं, मग कागदपत्रांची तपासणी, मग मंजुरी, मग हप्ता. आणि वसतिगृहाची यादी तरी कधी? कॉलेजात प्रवेश झाल्यावर. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे कॅप राऊंड, त्यानंतरचे जागेवरचे प्रवेश, हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत लांबतं. मुलाला मात्र पहिल्या तासापासून परभणीत राहायचं असतं. मग तो खोली घेतो. कोणाच्या पैशानं? बापानं उसनवारी केलेल्या. हप्ता येतो तेव्हा उसनं फेडायला येतो.

यातली खरी मेख कागदात आहे. स्वाधारसाठी आपण भाड्यानं राहतो याचा पुरावा लागतो, म्हणजे भाडेचिठ्ठी किंवा करारनामा. घरमालक खोली देतो, भाडं घेतो, डिपॉझिटही घेतो. सही मात्र देत नाही. "कागदाबिगदाचं काही नाही आपल्याकडं," असं सरळ सांगतो. त्याला भीती असते घरपट्टी वाढण्याची, आणि पोरगं पुढे खोली सोडेल की नाही याची. त्याचंही अगदीच चूक म्हणता येत नाही. पण त्याच्या एका सहीअभावी मुलाचे ४३,००० अडतात. जिल्हा, महापालिका आणि समाजकल्याण यांनी मिळून एक पानाचा साधा मराठी नमुना काढावा. मालक, विद्यार्थी, महिन्याचं भाडं, मुदत, एवढंच. आणि या कागदामुळे घरपट्टीचा दर बदलणार नाही, असं आयुक्तांच्या सहीनं त्यावर छापता आलं, तर अर्ध्या सह्या आपोआप होतील.

खोली निवडणं म्हणजे प्रत्यक्षात काय असतं, हे आपल्याला फाइलमध्ये दिसणार नाही, म्हणून सांगतो. दुपारची वेळ. पालम तालुक्यातून सकाळच्या गाडीनं आलेला बाप आणि पोरगा. बापाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात टीसी, सनद, उत्पन्नाचा दाखला, जातवैधतेची पावती, फोटो. कॉलेजातलं काम एक वाजता उरकलं आहे आणि शेवटची गाडी चुकवायची नाही. मधल्या चार तासांत खोली बघायची. विद्यापीठाजवळच्या एका गल्लीत माडीवर पत्र्याची खोली दाखवतात. तीन खाटा आधीच पडलेल्या, चौथीची जागा भिंतीला. मालक म्हणतो, "कॉट बेसिस आहे, लाईट बिल वेगळं." बाप भिंतीला हात लावून ओल बघतो. पोरगा मोबाइल वर करून रेंज बघतो. बाप विचारतो, "पाणी?" मालक म्हणतो, "बोअर आहे." बोअर मार्चमध्ये आटतं का, हे विचारायचं दोघांच्याही ध्यानात येत नाही. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हेही राहून जातं. एका बटणावर चार मोबाइल कसे चार्ज होणार, स्नानगृह किती जणांत, सबमीटरला युनिटचा दर काय लावणार, दिवाळीच्या सुट्टीत भाडं धरणार का, मध्येच वसतिगृहात नंबर लागला तर डिपॉझिट परत मिळणार का, असे सगळे प्रश्न नंतर सुचतात, गाडीत बसल्यावर. मालकाला पैसे दिलेले असतात, पावती मिळालेली नसते.

पत्र्याची खोली मे महिन्यात काय होते हे परभणीकराला सांगायला नको. पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो, परीक्षाही त्याच दिवसांत असतात. डिसेंबरात हेच शहर विद्यापीठाच्या नोंदीनुसार पाच अंशांच्याही खाली उतरतं. पहिल्या वर्षाच्या निकालाची कारणं शोधताना आपण शिकवण्याची गुणवत्ता मोजतो, हजेरी मोजतो. पोरगं कुठं झोपलं हे कोणी मोजत नाही.

मुलींचा प्रश्न आणखी वेगळा आहे. मुलाची खोली बाप एकटा बघतो. मुलीची खोली बघायला आई, काका, कधी आजोबाही येतात, आणि जिन्याला दार आहे का, मालक कुटुंबासह राहतो का, समोर काय आहे, यावर कॉलेज ठरतं. सोय पसंत पडली नाही तर मुलीला कृषीची जागा सोडून गावाजवळ बीएला घालतात. तिची फी माफ झालेली असते, तरीही. काही मुली जाऊन-येऊन करतात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे मानवत, पूर्णा, सेलू, गंगाखेडच्या मुलींना हा पर्याय परवडू लागला. काहीजणी रेल्वे धरतात. पण कृषीच्या किंवा पशुवैद्यकीयच्या विद्यार्थिनीला सकाळी शेतावर, गोठ्यात हजर व्हावं लागतं. जिंतूरहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर येऊन ते पहिल्या महिन्यात जमतं, पुढे जमत नाही. अर्ध्या तिकिटानं प्रवासाचा खर्च निम्मा होतो, वेळ निम्मा होत नाही.

शिक्षणाआधी राहण्याची सोय बघावी, हे काही नव्यानं सुचलेलं नाही. १९०१ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहांची रांगच लावली. शाळा कोल्हापुरात आधीपासून होत्याच. खेड्यातल्या पोराला त्या शाळेपर्यंत पोहोचायला रात्रीचा मुक्काम हवा, हे त्यांनी ओळखलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये काढलेलं छत्रपती शाहू बोर्डिंग त्याच वाटेवरचं. आपल्या मराठवाड्यात बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं. नागसेनवनातल्या त्या कॉलेजला वसतिगृहाची जोड नसती तर परभणी, बीड, नांदेडच्या खेड्यांतली पोरं तिथं चार दिवस तरी टिकली असती का? त्या पिढीतल्या पुष्कळांनी आपल्या आत्मकथनांत वर्गापेक्षा वसतिगृहाबद्दलच जास्त लिहिलंय. तेव्हा राहण्याची सोय हा शिक्षणाचाच भाग होता. आता कॉलेज एका खात्यात, मुक्काम दुसऱ्यात आणि पैसा तिसऱ्यात.

ओबीसी मुलामुलींसाठी राज्यात ७२ वसतिगृहं ठरली, जिल्ह्याला दोन, एक मुलांचं आणि एक मुलींचं. घोषणा आणि पहिली खाट यांच्यात बरीच वर्षं गेली, आणि शेवटी इमारती भाड्यानं घेऊन कारभार सुरू झाला. सरकारलाही खोली शोधायला इतका वेळ लागला, तिथे पालमच्या त्या बापाला आपण चार तास देतो.

माझी मागणी इमारतीची नाही. इमारत होईल तेव्हा होईल. येत्या मे महिन्यात, सीईटीचा निकाल लागायच्या आधी, आपण एक बैठक बोलवावी. शहरातल्या प्रत्येक वसतिगृहानं, शासकीय असो की कॉलेजचं, पहिल्या वर्षासाठी किती जागा, त्यातल्या मुलींच्या किती, मागच्या वर्षी शेवटचा नंबर किती गुणांवर लागला आणि खानावळीचा खर्च किती, हे एका कागदावर द्यावं. खाजगी खोल्या आणि खानावळींची नोंद महापालिकेनं मालकांच्या स्वेच्छेनं घ्यावी, सक्ती नको. सक्ती केली तर नोंद होणार नाही, खोल्या तेवढ्या लपतील. नोंदलेल्या खोलीसमोर पाणी, सबमीटरचा दर, डिपॉझिट आणि एका खोलीत किती खाटा, एवढं लिहिलेलं असावं. ही यादी नऊही तहसील कार्यालयांत आणि प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या फलकावर लागावी. संकेतस्थळावर टाकली तर उत्तमच, पण फलकावर लागलीच पाहिजे, कारण ज्या बापाला ती हवी आहे तो फलक वाचतो.

स्वाधार आणि आधारचा पहिला हप्ता प्रवेशाच्या पावतीवर मिळावा आणि वसतिगृहात नंबर लागला तर पुढच्या हप्त्यातून वळता करून घ्यावा, अशी शिफारस आपल्या सहीनं मंत्रालयात गेली, तर तिचं वजन शिक्षकाच्या अर्जापेक्षा जास्त असेल. पोलिसांच्या भाडेकरू नोंदणीचा फॉर्म आणि मघाशी सांगितलेली भाडेचिठ्ठी एकाच कागदाच्या दोन बाजूंना छापता आली, तर मालकाला एकच हेलपाटा पडेल.

माझ्या कॉलेजातून गेलेली काही मुलं सध्या परभणीत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत. कुठल्या गल्लीत बोअर आटतं आणि कुठल्या खानावळीत रविवारी संध्याकाळी डबा मिळत नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. यादी करायला माणसं कमी पडत असतील तर सांगावं. दोन रविवारांत गल्ल्या पालथ्या घालून ती पोरं कच्ची यादी आणून देतील. तपासणी आपल्या तलाठ्यांनी करावी, शुद्धलेखन मी बघून देईन.

आपला नम्र,
एक कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक,
परभणी जिल्हा