कार्ड हातात आले, खाट कोणाच्या ताब्यात?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२३ साली घेतला. दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेली. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ पासून आहेच. कागदावर पाहिले तर आता उपचारावाचून मरण्याचे कोणालाही कारण उरलेले नाही. मग आजही आपल्या वस्तीत कोणी गंभीर आजारी पडले की पैसे कुठून आणायचे, हाच पहिला प्रश्न का उभा राहतो? बायकोचे डोरले का मोडावे लागते? याचे उत्तर सरळ आहे. सरकारने कार्ड दिले, पण ज्या खाटेवर उपचार व्हायचे ती खाट बहुतेक वेळा खासगी मालकाची आहे आणि त्या मालकावर सरकारचा वचक नाही.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे बोलके आहेत. देशात इस्पितळात दाखल होणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक खासगी दवाखान्यात जातात. एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी इस्पितळात ४,४५२ रुपये, तर खासगीत ३१,८४५ रुपये होता. म्हणजे सातपट! गरीब माणूस हौसेने खासगीत जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसतो, जिल्हा रुग्णालयातले यंत्र बंद असते, म्हणून तो जातो. सरकारने मोकळी सोडलेली जागाच खासगी बाजाराने भरली आहे.

या बाजाराला लगाम नसला तर काय होते, ते बीडच्या ऊसतोड बायकांना विचारा. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. यांतील बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, उचल फिटत नाही. पोटात दुखते म्हणून डॉक्टरकडे गेले तर तो कर्करोगाची भीती घालतो आणि पिशवी काढायला सांगतो. या बायका कोण आहेत? दलित, भटक्या-विमुक्त, वंजारी समाजातील भूमिहीन. त्यांच्या शरीराचा निर्णय मुकादमाच्या हिशेबाने आणि दवाखान्याच्या गल्ल्याने घेतला. बोभाटा झाल्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय अशी शस्त्रक्रिया करू नये, असा दंडक बीडमध्ये आला. तो आधीच का नव्हता?

विम्याचे कार्ड असते तर या बायका वाचल्या असत्या, असेही कोणी समजू नये. २०१२ साली छत्तीसगडमध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डावरच गरीब स्त्रियांची गर्भाशये विनाकारण काढल्याचे आरोप झाले. देखरेख नसेल तर कार्ड रुग्णाचे संरक्षण करत नाही, उलट त्याचे शरीर पैसे काढण्याचे साधन बनवते. सरकार नुसते गिऱ्हाईक झाले आणि शासक राहिले नाही, तर जनतेचा पैसा जातो आणि आरोग्यही जाते.

कायदे नाहीत असेही नाही. धर्मादाय रुग्णालयांचेच घ्या. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना काय सांगते? दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत. आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. आणि तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचे. ही मेहेरबानी नव्हे. धर्मादाय म्हणून मिळणाऱ्या सवलतींचा हा मोबदला आहे. तरीही २०२५ साली पुण्यात एका गर्भवती स्त्रीचा मृत्यू झाला आणि धर्मादाय रुग्णालयाने दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला, तेव्हा सारा महाराष्ट्र जणू पहिल्यांदाच हा नियम वाचत होता. एकोणीस वर्षे तो कोणाच्या कपाटात पडून होता?

शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा तर १९४९ चा. २०२१ साली त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आली, दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचे बंधन आले, तक्रार निवारणाची सोय आली. आपल्या गल्लीतल्या किती दवाखान्यांच्या भिंतीवर ते दरपत्रक दिसते, हे वाचकांनी स्वतः जाऊन पाहावे. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलाच नाही. राजस्थानने २०२३ साली आरोग्य हक्काचा कायदा केला. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला ते जमले नाही.

सरकारला हे जमत नाही की करायचे नाही? २०२० साली कोरोनाच्या काळात याच सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते. त्यात पळवाटा निघाल्या, तक्रारीही झाल्या. पण सरकारने ठरवले तर खासगी दवाखान्याला दर बांधून देता येतात, हे तेव्हा सिद्ध झाले. साथ ओसरली आणि इच्छाशक्तीही ओसरली.

डॉक्टर मंडळी म्हणतात, योजनेचे दर तुटपुंजे आहेत, बिले वेळेवर मिळत नाहीत. या म्हणण्यात तथ्य आहे. तालुक्यातला दहा खाटांचा दवाखाना आणि शेअर बाजारात नोंदलेले पंचतारांकित रुग्णालय यांना एकाच काठीने हाकू नये. दर खर्चाच्या हिशेबाने ठरवा, पैसे मुदतीत द्या. पण मग त्याबदल्यात हिशेब उघडा ठेवा, रुग्णाला परत पाठवू नका. आणि सरकारी इस्पितळ मजबूत केल्याशिवाय खासगीला वेसण बसणार नाही, हेही लक्षात ठेवा. ज्याच्याकडे दुसरे दार नाही त्याने सौदा करायचा कसा? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सकल उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी भूमिका घेतली. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात तर त्यांनी विमा व्यवसाय राज्याच्या मालकीचा असावा असे सांगितले. संकटातल्या माणसाला नफेखोराच्या हवाली करू नये, हे त्यामागचे सूत्र आहे. आज उलटे चालले आहे. पैसा राज्याचा, नाव फुल्यांचे आणि मर्जी मालकाची.

म्हणून मागणी कार्डाची नको, हक्काची हवी. दर, अनामत आणि रुग्णहक्क यांवर शिक्षेची तरतूद असलेला कायदा हवा. राखीव खाटा रोज किती रिकाम्या, हे रुग्णालयाच्या दारावर लागले पाहिजे. देखरेख समित्यांवर वस्तीतले प्रतिनिधी हवेत. तोवर प्रत्येक वस्तीतल्या दोन शिकलेल्या तरुणांनी आपल्या शहरातील धर्मादाय रुग्णालयांची यादी मिळवावी, २००६ च्या योजनेची प्रत खिशात ठेवावी आणि रुग्णासोबत काउंटरवर उभे राहावे. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा. नकार मिळाला तर तो लेखी मागावा आणि धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करावी. खाट मागायला जाणारा माणूस याचक नाही. ती खाट कायद्याने त्याची आहे.