कुलपातील संगणक

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील ज्या शाळांत संगणक आले, त्यांपैकी काहींत तरी खोलीस कुलूप आहे किंवा विजेचे बिल थकलेले आहे. प्रत्येक मुलास स्वतंत्र यंत्र मिळेपर्यंत काही करता येत नाही, ही सबब त्यावर सांगितली जाते. ती आम्हांस मान्य नाही.

२६ जानेवारी १९९९ रोजी सुगाता मित्रा यांनी दिल्लीत कालकाजी येथे कचेरीच्या भिंतीत एक संगणक बसवून तो शेजारच्या वस्तीतील मुलांस खुला केला. शिकविणारे कोणी नव्हते. एकाने यंत्र चालवावे, इतरांनी भोवती उभे राहून सुचवावे, असे करीत मुले ते वापरू लागली. पुढे सिंधुदुर्गातही हा प्रयोग झाला आणि मित्रा यांना २०१३ साली टेड पारितोषिक मिळाल्यानंतर फलटण येथेही अशी प्रयोगशाळा निघाली. यंत्र एकच होते, म्हणूनच मुलांना एकमेकांशी बोलावे लागले, हे यातील मर्म होय.

अर्थात देखरेखीवाचून सोडलेल्या अशा काही जागा पुढे ओस पडल्या, हेही खरे. तेव्हा शिक्षक अनावश्यक ठरला, असा अर्थ कोणी काढू नये. उत्तर सांगण्याऐवजी चांगला प्रश्न विचारणे, हे त्याचे काम आता अधिक अवघड झाले आहे. मांजरा नदीच्या खोऱ्यात वसलेल्या लातुरास २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी का आणावे लागले, हा प्रश्न चार मुलांपुढे ठेवावा. पाऊस, धरण, ऊस आणि नगररचना यांचा शोध घेताना ती जे शिकतील, ते कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही.

'लातूर पॅटर्न'ने मराठवाड्यातील मुलांना आत्मविश्वास दिला, हे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु गुणांच्या शर्यतीत शेजारचा विद्यार्थी प्रतिस्पर्धी ठरतो. पुढे इस्पितळात असो वा कारखान्यात, त्याच शेजाऱ्याबरोबर काम करावे लागते. त्याची तयारी शाळेने करावयाची नाही, तर कोणी?

दोन्ही जिल्हा परिषदांनी प्रथम थकलेली बिले भरावीत, कुलपे काढावीत आणि आठवड्यातून दोन तास चौघांमागे एक यंत्र या हिशेबाने वेळापत्रकात राखून ठेवावेत. यास नव्या यंत्रांची खरेदी लागत नाही; मुलांच्या गलबल्यास बेशिस्त न मानणारे मुख्याध्यापक मात्र लागतील.