लिंबूटिंबू कुणाला म्हणायचं?

संपादक महोदय,

'मिरॅकल ऑन आइस'वरचा रविवार पुरवणीतला लेख आवडीने वाचला. २२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये आइस हॉकीत अमेरिकेच्या महाविद्यालयीन पोरांनी बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी शिळी होत नाही. मात्र त्याच लेखात, १८ फेब्रुवारीला 'रोमानियासारख्या लिंबूटिंबू संघाला' ७-२ असं लोळवून अमेरिका पुढे सरकली, असं एक वाक्य आहे. माझी हरकत त्या एका शब्दाला आहे.

ज्याचा डाव धरायचा नाही, जो बाद झाला तरी बाद नाही, अशा भिडूला आपण लहानपणी लिंबूटिंबू म्हणायचो. रोमानियाचा डाव त्या स्पर्धेत चांगलाच धरला गेला होता. पहिल्याच सामन्यात त्यांनी पश्चिम जर्मनीला ६-४ असं हरवलं. चारच वर्षांपूर्वी ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलेला देश म्हणजे हा पश्चिम जर्मनी. नॉर्वेशी ३-३ अशी बरोबरी झाली. सहा संघांच्या गटात रोमानिया चौथा आला, म्हणजे या दोघांच्याही वर.

त्या संघात दोरू तुरेआनू नावाचा २६ वर्षांचा आक्रमक होता. बुखारेस्टच्या दिनामो क्लबचा हा खेळाडू १९७६ साली इन्सब्रुकच्या ऑलिंपिकमध्येही खेळला होता. तिथे रोमानियाने सातवा क्रमांक मिळवला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक स्पर्धेत, जगातल्या पहिल्या आठ संघांत खेळताना, रोमानियाने अमेरिकेला ५-४ असं हरवलं. तो अमेरिकी संघ वेगळा होता हे मान्य, पण लिंबूटिंबू अमेरिकेला हरवत नसतात. त्या स्पर्धेत रोमानिया आठवा येऊन खालच्या गटात ढकलला गेला. तुरेआनूची सगळी कारकीर्द अशीच आहे. मोठ्यांच्या पंगतीत बसायला मिळायचं, पण ताट वाढून होईपर्यंत उठायची वेळ यायची.

कुणी म्हणेल, हार ती हारच. स्वीडनने त्यांना ८-० असं धुतलं, चेकोस्लोव्हाकियाने ७-२. हे आकडे मी लपवत नाही. पण ज्या चेकोस्लोव्हाक संघाने ते सात गोल केले, त्यात पीटर श्तास्तनी होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो इन्सब्रुकहून भावासह निसटला, कॅनडातल्या क्वेबेकच्या संघाकडून खेळू लागला आणि पहिल्याच मोसमात त्याने १०९ गुण मिळवले. आज त्याचं नाव आइस हॉकीच्या प्रत्येक चाहत्याला ठाऊक आहे. तुरेआनू त्याच्याइतकाच मोठा होता असा माझा दावा नाही. माझा मुद्दा एवढाच की श्तास्तनीला जगाने पाहिलं ते तो देश सोडू शकला म्हणून. हुकूमशहा चाउशेस्कूच्या रोमानियात राहिलेल्या खेळाडूला क्वचितच, तेही दोन आठवडेच, जगापुढे यायला मिळे. त्या दोन आठवड्यांच्या गुणफलकावरून त्याची आयुष्यभराची किंमत ठरवणं अन्यायाचं आहे.

मी खडकीच्या मुरमाच्या मैदानावर हॉकी खेळत वाढलो. आम्हाला काठी आणि चेंडू असला की पुरे. माझ्या भाच्याने टोरांटोहून आणून दिलेली पक माझ्या टेबलावर असते. तीन इंच व्यासाची, इंचभर जाड, काळ्या रबराची चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवतात. एकदा मी ती रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली आणि सकाळी फरशीवर टाकली. एरवी टुणकन उडणारी चकती धप्पकन बसली. या खेळात चकतीसुद्धा गारव्यावाचून नीट वागत नाही, मग खेळाडूचं काय? त्याला सराव हवा तर आधी कुणीतरी जमिनीखाली नळ्या टाकून बर्फ तयार करावा लागतो आणि तो महिनोन्महिने टिकवावा लागतो. बुखारेस्टमध्ये असं एक जुनं रिंक होतं. देशासाठी फुटबॉल आणि आइस हॉकी असे दोन्ही खेळ खेळलेल्या मिहाई फ्लामारोपोल यांचं नाव त्याला दिलं होतं. ते पाडून टाकण्यात आलं. १९८० नंतर रोमानियाचा आइस हॉकी संघ ऑलिंपिकमध्ये दिसलेला नाही. याला कारणं अनेक असतील, पण रिंक पाडून खेळ वाढल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

हे आपल्यापासून फार दूरचं नाही. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडूनला बांधलेलं रिंक त्यानंतर कित्येक वर्षं बंद पडून होतं. त्या काळात लडाखच्या मुली तळी गोठण्याची वाट पाहत खेळत राहिल्या. त्यांच्या बळावर उभ्या राहिलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये अल ऐनला आशियाई चषक स्पर्धेत कांस्यपदक जिंकलं. उद्या एखाद्या परदेशी वृत्तपत्राने या मुलींना लिंबूटिंबू म्हटलं, तर आपल्याला कसं वाटेल?

लहान संघाने मोठ्याला हरवलं, हाच तर 'मिरॅकल'चा गोडवा. तो गोडवा चाखताना त्याहून लहान संघाला हिणवलं, तर आपलं कौतुक छोट्यांचं नव्हतं, फक्त जिंकणाऱ्यांचं होतं, असा त्याचा अर्थ होतो.

२०११ साली आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने तुरेआनूला आपल्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये सन्मानाने घेतलं. तो समारंभ झाला ब्रातिस्लाव्हात, म्हणजे श्तास्तनीच्या जन्मगावी. तीन वर्षांनी तुरेआनू वारला. ऑलिंपिक पदक त्याच्याकडे एकही नव्हतं, तरी खेळ जाणणाऱ्यांना त्याची किंमत कळली होती.

माझी विनंती साधी आहे. यापुढे आपल्या क्रीडा पानावर 'रोमानियाला ७-२ असं हरवलं' एवढंच छापावं. जागा उरली, तर हरलेल्यांपैकी एखाद्याचं नावही द्यावं.

आपला,
एक जुना हॉकीपटू, खडकी, पुणे