उसने पाणी

शेजारच्या घरून आणलेले भांडे आपण घासूनपुसून परत करतो. तसेच परत केले, तर आई रागावते. नदीकडून पाणी घेताना मात्र माणूस ही साधी रीत विसरतो.

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्याच्या सीमेवरून नीरा नदी वाहते. तिच्या काठी शिरवळ हे गाव आहे. ह्या परिसरात आज अनेक कारखाने आहेत. पुढे नदी वीर धरणात येते. तेथून निघणारे डावा व उजवा कालवा बारामती आणि फलटणकडील शेतांना पाणी देतात. तेव्हा शिरवळजवळ नदीत जे पडेल, ते खालच्या शेतकऱ्याच्या वाट्याला जाईल.

यंत्रांना वंगण लागते. त्यांचे भाग धुतले, की पाण्यात तेल उतरते. वर आलेला तवंग काढता येतो. परंतु साबणासारख्या पदार्थांमुळे तेलाचे सूक्ष्म थेंब होतात आणि ते दुधातील स्निग्धांशाप्रमाणे पाण्यात पसरून राहतात. नदीत सोडायच्या 1 लिटर सांडपाण्यात 10 मिलिग्रॅमहून अधिक तेल व ग्रीस नसावे, असा आपल्या देशात सर्वसाधारण नियम आहे.

हे थेंब पकडण्यासाठी शास्त्रज्ञांनी अतिसूक्ष्म कणांची योजना केली आहे. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. 1 सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर असतो. त्याचे 1 नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग 6,000 चौरस मीटर, म्हणजे सुमारे दीड एकर भरतो! इतक्या विस्तृत पृष्ठभागाला पुष्कळ तेल चिकटू शकते. हे कण चुंबकीय लोहभस्माचे असले, तर तेलासह ते लोहचुंबकाने ओढून घेता येतात.

कोणी म्हणेल, “आता चिंता मिटली!” मला तसे वाटत नाही. प्रयोगशाळेत साधलेली गोष्ट कारखान्यात रोज साधणे सोपे नसते. शिवाय हे कणच नदीत निसटले, तर एक मळ काढून दुसरा घातल्यासारखे होईल. म्हणून तेल मुळातच कमी सांडावे, हा पहिला उपाय होय. उरलेले तेल काढण्यासाठी विज्ञानाची मदत अवश्य घ्यावी. परंतु त्याचा खर्च पाणी मळवणाऱ्याने सोसावा, खालच्या शेतकऱ्याने नव्हे.

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या कारखाने चालवतील, काही शास्त्रज्ञ होतील. नदीचे पाणी आपल्याकडे उसने आलेले आहे, हे तेव्हा विसरू नका. उसने भांडे स्वच्छ करूनच परत द्यावे!