चंद्रावरचा खर्च आणि आपला रुग्ण

"इथे रुग्णाला खाट मिळेना आणि सरकार चंद्रावर यान धाडते!" हा टोला आपल्या डॉक्टर मंडळींत वारंवार ऐकू येतो. टोला चटकदार खरा; मला मात्र तो पटत नाही.

कराडचे श्री. पृथ्वीराज चव्हाण हे मूळचे अभियंते. पंतप्रधान कार्यालयाचे राज्यमंत्री या नात्याने २००४ ते २०१० या काळात अंतराळ विभागाची बाजू ते संसदेत मांडत. याच काळात, २२ ऑक्टोबर २००८ रोजी, चांद्रयान-१ झेपावले. खर्च सुमारे ३८६ कोटी रुपये. लोकप्रतिनिधीने अशा खर्चाची पाठराखण करावी काय? अवश्य करावी. त्याचे कारण मुडबीकरांना दूर शोधावे लागत नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' प्रयोगात शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यातील खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचली. (तेव्हा देशातील बहुतेक मोठ्या शहरांतही ती नव्हती!) शेतीबरोबरच आरोग्य आणि कुटुंबनियोजनाचे धडे गावकऱ्यांनी कन्नडातून पाहिले. पुढे २००२ साली चामराजनगरचे जिल्हा रुग्णालय उपग्रहामार्फतच बंगळुरूच्या हृदयरोगतज्ज्ञांशी जोडले गेले.

माझी तक्रार निराळी आहे. उड्डाणाच्या दिवशी अभिनंदनाचे ठराव होतात. पण अशी जोडणी आडगावच्या दवाखान्यापर्यंत केव्हा येणार, हे सभागृहात क्वचितच कुणी विचारते. आपल्या आमदार-खासदारांना तसे विचारणारे निवेदन मी लिहून ठेवले आहे. येत्या सभेस येताना सदस्यांनी सहीसाठी लेखणी जरूर आणावी.