खाल्ल्या मिठाला जागताना

रमजानमध्ये संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरात एक प्रश्न हमखास उभा राहतो : मीठ घातलं की नाही? एरवी अकरा महिने हा प्रश्न पळीतला एक थेंब तळहातावर घेतला की सुटतो. रोजा असताना तो थेंब जिभेवर ठेवायचा नसतो. मग सगळी भिस्त नाकावर, डोळ्यांवर आणि आठवणीवर. त्यातली आठवण तर दिवस मावळेपर्यंत पार थकलेली असते.

गेल्या आठवड्यात तिने मला दगा दिला. कॉलेजातून येऊन खिचडा केला होता. गहू, डाळी आणि मटण एकत्र शिजवून, घोटून एकजीव करायचा हा पदार्थ. मटण शिजवताना मीठ घातलं होतं. मधेच एका विद्यार्थिनीचा फोन आला, बोलणं लांबलं आणि घोटायला बसल्यावर मी पुन्हा मूठभर मीठ घातलं. आमच्या घरात रोजा नसलेलं माणूस एकच, सासूबाई. मधुमेहामुळे डॉक्टरांनी त्यांचे रोजे बंद केले आहेत. असरची नमाज पढून त्या आल्या, बोटाचं टोक जिभेला लावलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. इफ्तारला तासभर उरला होता.

घाबरून मी फोन उघडला. मीठ जास्त झालं तर काय करावं, याचे व्हिडिओ ढिगाने सापडले. बहुतेकांचा उपाय एकच : सोललेला बटाटा टाका, तो मीठ ओढून घेतो. खरं तर बटाटा मीठ वेगळं काढून घेत नाही. तो खारट पाणी शोषतो, बस्स. उरलेला रस्सा होता तेवढाच खारट राहतो. बटाटे काढून तेवढं साधं पाणी घातलं, तरच फरक पडतो. आणि घोटलेल्या खिचड्यात बटाटा काय करणार? सासूबाई म्हणाल्या, "दुल्हन, फोन रख दे. दाल चढा, बगैर नमक की."

दुसऱ्या कुकरमध्ये डाळ आणि दलिया चढवला. तो अळणी ऐवज खिचड्यात घोटला, वर लिंबू पिळलं, तळलेला कांदा आणि पुदिना पेरला. मीठ ठिकाणावर आलं. खिचडा मात्र पातेल्यात मावेना. मग चार डबे भरले. एक डबा समोरच्या काकूंकडे गेला. त्या दिवशी गुरुवार नव्हता, हे नशीब!

शेजाऱ्यांच्या बाबतीत पैगंबरांची एक शिकवण हदीसमध्ये येते. रस्सा शिजवाल तेव्हा त्यात पाणी थोडं जास्त घाला आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा, असा तिचा आशय. मी ती लहानपणापासून ऐकत आले. मीठ कमी करण्याचा आणि शेजारधर्माचा उपाय एकच आहे, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी डबा परत आणला. रिकामा नाही, शेंगदाण्याची चटणी भरून. खिचड्याचं कौतुक करू लागल्या, तेव्हा मला राहवेना. खरी हकीकत सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, नैवेद्याचा स्वयंपाक आम्ही तरी कुठे चाखून बघतो? कटाची आमटी, भाजी, सगळं हाताच्या अंदाजानं. चुकलं तर देव काही बोलत नाही. बोलतात ते पंगतीला बसलेले."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

उर्दू जाणणाऱ्या घरांमध्ये 'बहिश्ती जेवर' हे पुस्तक ठाऊक नाही असं क्वचितच होतं. मौलाना अश्रफ अली थानवी यांनी ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्यतः स्त्रियांसाठी लिहिलं. पुढे लग्नात मुलीला ते भेट देण्याची रीत पडली. माझ्याही रुखवतात ते होतं. त्यात रोजाच्या प्रकरणात एक नियम आहे. पदार्थ जिभेने चाखून थुंकला तर रोजा तुटत नाही, पण विनाकारण तसं करणं मकरूह, म्हणजे नापसंत. मात्र जिचा नवरा तापट आहे आणि सालनात मीठ कमी-जास्त झालं तर तो जीव नकोसा करील अशी जिला भीती आहे, तिने मीठ चाखून पाहायला हरकत नाही. हनफी फिकहच्या जुन्या ग्रंथांतही ही सवलत सापडते.

लग्न झालं तेव्हा हे वाचून मी खूप हसले होते. आता तेवढं हसू येत नाही. नियम सांगणाऱ्यांना घरं ठाऊक होती. चुलीपुढे भुकेली उभी राहणारी बाई कशाला घाबरते, हे त्यांनी ओळखलं आणि तिला वाट काढून दिली. पण आपण ही सवलत नेहमी एकाच बाजूने वाचतो. तिच्यात नवऱ्याला रागावण्याचा परवाना दिलेला नाही. तिथे तो आला आहे तो अडचण म्हणून! आजारपण, प्रवास यांच्यासारखीच एक अडचण. त्या ओळीत आपला उल्लेख होऊ नये, असं प्रत्येक पुरुषाला वाटायला हवं.

पैगंबरांविषयी हदीसमध्ये असं आहे की त्यांनी अन्नाला कधी नाव ठेवलं नाही. आवडलं तर खाल्लं, नाही तर राहू दिलं. घरात फक्त सिरका होता, तर सिरक्याचीच तारीफ करून त्याच्याशी भाकरी खाल्ली. रमजानमध्ये पुरुष मंडळी किती रकात नमाज पढायची यावर तावातावाने बोलतात. ही सुन्नत मात्र कुणाला फारशी आठवत नाही.

माझे अब्बा नेक माणूस होते. पण एका रमजानमध्ये सालन खारट झालं म्हणून त्यांनी ताट पुढे सरकवलं होतं. बोलले काहीच नाहीत. अम्मीने दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तिने खजूर खाल्ला, पाणी प्याली आणि उठून ताटं धुवायला गेली. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. त्या रात्री ती काही जेवली की नाही, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

हे सगळं पुरुषांच्या माथी मारून मी मोकळी झाले असते. पण मागच्या वर्षीची गोष्ट लपवता येत नाही. माझ्या मुलीने आयुष्यातलं पहिलं सालन केलं. बारावीची परीक्षा, रोजा आणि वरून ही हौस. पहिला घास घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मीठ कमी आहे." एवढंच. शिकवण्याच्या सुरात, जशी वर्गात चूक दाखवते तशी. तिचा चेहरा उतरला आणि मला अब्बांनी सरकवलेलं ताट आठवलं. ताट सरकवायला हात लागतोच असं नाही.

या पिढीची परीक्षा तर आणखी कडक आहे. आमच्या चुका घरात राहायच्या. या मुलींच्या हातात फोन आहे आणि रमजान लागला की त्यावर तीस दिवसांचे तीस दस्तरखान दिसतात. समोसे एका मापाचे, सरबताचे पेले एका रांगेत, कुठे डाग नाही की करपलेली कड नाही. ते पाहून आपणही पदार्थ वाढवत जातो. दुपारपासून तळण चालतं. अजान होते, रोजेदार खजूर, फळं आणि चार भजी खाऊन मगरिबच्या नमाजला जातो, आणि उरलेलं ताटात गार होतं. खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, हा कुरआनचा आदेश. तो ज्या महिन्यात उतरला त्याच महिन्यात आपला कचऱ्याचा डबा सर्वांत जड असावा, हे मला पटत नाही.

फोनला सरसकट नावं ठेवणार नाही. तिथे चांगलंही सापडतं. परवा मुलगी पळत आली. "अम्मी, हे बघ!" जपानमधली कपडे दुरुस्त करण्याची 'साशिको' नावाची कला होती. जीर्ण कापडाला ठिगळ लावून त्यावर साध्या टाक्यांच्या रांगा घालायच्या. दुरुस्ती लपवायची नाही, उलट दिसू द्यायची. सासूबाईंनी चष्मा सरसा करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ये तो धावदोरा है. गोधडी का." मग पेटीतून त्यांचा जुना दस्तरखान निघाला : दोन विरलेल्या चादरी आणि तीन ओढण्या जोडून शिवलेला. हल्ली आम्हीही प्लॅस्टिकचा रोल आणतो, अंथरतो आणि उष्ट्यासकट गुंडाळून फेकतो. त्या दिवसापासून तो रोल कपाटात आहे. मुलीने दस्तरखानाच्या फाटक्या कडेला लाल दोऱ्याने टाके घातले. ते वाकडे आहेत. यावेळी मी काही बोलले नाही. पैगंबर स्वतःचे कपडे शिवत आणि चपला सांधत, हे मात्र तिला सांगितलं.

जुन्या घरांचं शहाणपण असं दुरुस्तीत होतं. खारट झालं तर वाढवा आणि वाटा. तळाला लागलं तर ढवळू नका, वरचं दुसऱ्या पातेल्यात काढा. शिळ्या पावाचे शाही तुकडे करा. फाटलं तर सांधा. यात कुणाचा अपमान नव्हता आणि काही वायाही जात नव्हतं.

म्हणून उरलेल्या रोजांसाठी माझं म्हणणं थोडक्यात असं. दस्तरखानावर रोज एक पदार्थ कमी करावा. घरात रोजा नसलेलं लहान मूल किंवा वडीलधारं माणूस असेल तर पाच वाजता त्याला पळी द्यावी. आणि मीठ कमी असेल तर मिठाचं भांडं मुकाट्याने जवळ ओढावं, जास्त असेल तर सालनात दही मिसळून घ्यावं. रोजा जिभेचाही असतो, असं आम्ही मुलांना शिकवतो. तो अजान झाली की सुटतो, असं कुठे आहे?

मी कॉलेजात उर्दू शिकवते. उर्दूत इमानदार माणसाला नमकहलाल म्हणतात, आणि मराठीत तो खाल्ल्या मिठाला जागतो. दोन्ही भाषांनी निष्ठेसाठी मीठच निवडलं. ते किती होतं, याचा हिशेब कुठल्याच भाषेने मागितलेला नाही.